कोवळी पहिलटकरीण आणि वाढलेला रक्तदाब

पावसाळ्यातली रात्र होती. साखऱ्याच्या परिसरातील एका वाडीवरून जीपमध्ये घालून एक मुलगी दवाखान्यात आणली. आठवा महिना होता. वय विचारले तर सासूने एकोणीस सांगितले. मुलीच्या आईने मात्र मान खाली घातली. मुलगी सतरा वर्षांची असेल-नसेल. तोंडाला फेस, दातखिळी बसलेली, जीभ चावली गेल्याने ओठांवर रक्त. चेहरा एवढा सुजला होता की डोळे नीट उघडत नव्हते. पायातली जोडवी बोटांत रुतून बसली होती.

"सायेब, दुपारपासून तीनदा आकडी आली. बाहेरचं काही लागलं असंल म्हणून आधी अंगारा लावून आणला," सासू म्हणाली.

मी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. वरचा आकडा १८० आणि खालचा १२० होता.

मुलीला डाव्या कुशीवर वळवले, आकडी थांबवणारे इंजेक्शन दिले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली आणि तिला हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात पाठवले. कायद्याने जे कळवायचे तेही कळवले. मुलगी वाचली. बाळ मात्र पोटातच गेले होते.

दोन महिन्यांनी ती आईबरोबर रक्तदाब तपासायला आली. मी आईला विचारले, "आठ महिन्यांत एकदा तरी हिचा रक्तदाब कुणी मोजला होता का?" ती म्हणाली, "नाही सायेब. नाव नोंदवलं असतं तर वय विचारलं असतं."

आईच्या या एका उत्तरासाठी आजचा लेख लिहीत आहे. त्या मुलीला बाहेरचे काही लागले नव्हते. तिला मिरगीही नव्हती. तिचा रक्तदाब कित्येक आठवडे हळूहळू चढत होता आणि तो पाहायला घरातले कुणीही तिला कुठे घेऊन गेले नव्हते.

हा आजार आहे तरी काय?

रक्तदाब म्हटले की आपल्याला पन्नाशीचा, पोट सुटलेला, काळजी करणारा माणूस आठवतो. पण रक्तदाबाचा एक प्रकार असा आहे की तो फक्त गरोदरपणात होतो. तो साधारण पाचव्या महिन्यानंतर, म्हणजे वीस आठवडे उलटल्यावर दिसू लागतो. आधी कधीही रक्तदाब नसलेल्या बाईचा दाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि बहुतेक वेळा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. याला डॉक्टरी भाषेत प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. याच आजारात आकडी आली की त्याचे नाव एक्लॅम्पसिया. आमच्या शिक्षणाच्या काळात पुस्तकांत याला गर्भविषबाधा म्हणत, कारण गर्भामुळे शरीरात काही विष तयार होते असा समज होता.

तो समज अगदीच चुकीचा नव्हता. गर्भाला आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू मिळतो तो वारेतून. गर्भ राहिल्यावर पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळते. शेतात पाट काढताना तोंड रुंद ठेवले नाही तर पुढच्या वाफ्यांना पाणी पोचत नाही, तसेच हे आहे. ज्या बायकांत हे रुंदीकरण नीट होत नाही, त्यांच्या वारेला रक्त अपुरे पडते. मग वारेतून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब चढतो. मूत्रपिंडे प्रथिने गाळू लागतात. यकृताला इजा होते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मेंदूला सूज आली की आकडी येते. काही वेळा मेंदूत रक्तस्रावही होतो.

इकडे बाळाची वाढ खुंटते. कधी वार वेळेआधीच सुटते आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. आशिया आणि आफ्रिकेत गरोदरपणाशी संबंधित जेवढे मातामृत्यू होतात, त्यांतील सुमारे एक दशांश रक्तदाबाच्या विकारांमुळे होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कोवळ्या वयातच का?

हा आजार कुठल्याही वयात होऊ शकतो. पण सर्वांत जास्त तो पहिलटकरणींना होतो. आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या आतली गर्भवती म्हणजे बहुतेक वेळा पहिलटकरीणच. जागतिक आरोग्य संघटनेनेही नोंदवले आहे की १० ते १९ वर्षे वयाच्या मातांमध्ये आकडीचा आणि बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाचा धोका २० ते २४ वर्षांच्या मातांपेक्षा जास्त असतो.

त्यात आपल्याकडची परिस्थिती भर घालते. सोळा-सतराव्या वर्षी मुलीचे स्वतःचे शरीर अजून भरायचे असते. हाडे वाढत असतात, कॅल्शियमची गरज मोठी असते. तिच्याच ताटातले अर्धे आता बाळाने मागायचे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसून आले आहे. रक्त आधीच कमी, वर रक्तदाब वाढलेला, आणि बाळंतपणात थोडासा रक्तस्राव झाला तरी सोसण्याची ताकद नाही. अशा मुलीचा तोल एका रात्रीत जातो.

हा प्रश्न किती मोठा आहे? २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. म्हणजे पाचातली एक. १५ ते १९ वयोगटातील शंभरात सात-आठ मुली त्या वेळी एकतर आई झालेल्या होत्या, नाहीतर गरोदर होत्या. दुसरीकडे याच महाराष्ट्रात मातामृत्यूचे प्रमाण देशातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक आहे. २०१८-२० मध्ये ते लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, तर देशाचे ९७. म्हणजे आई वाचवण्याची व्यवस्था आपल्या राज्यात आहे. तिच्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यांत या कोवळ्या मुली पुढे आहेत.

एकशेतीसचा आकडाही बोलतो

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती अनेकदा सुटून जाते. सोळा-सतरा वर्षांच्या सडपातळ मुलीचा नेहमीचा रक्तदाब ९५/६० किंवा १००/६० एवढाच असतो. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत तो आणखी थोडा उतरतो. अशा मुलीचा दाब आठव्या महिन्यात १३०/८४ भरला तर पुस्तकातल्या १४०/९० च्या रेषेखाली असल्याने "ठीक आहे" असे म्हणून तिला घरी पाठवले जाते. पण तिच्या स्वतःच्या आकड्याच्या मानाने तो तीसने चढलेला असतो. एवढ्यावरून आजार ठरत नाही हे खरे. पण तिला महिन्याने पुन्हा बोलावण्याऐवजी दोन-चार दिवसांत पुन्हा तपासले पाहिजे आणि लघवीची तपासणी केली पाहिजे.

हा चढ कळणार कसा? तिचा सुरुवातीचा आकडा कुठेतरी लिहिलेला असेल तरच. म्हणूनच बारा आठवड्यांच्या आत, म्हणजे तिसरा महिना संपण्याआधी नाव नोंदवा, असे आम्ही पुन्हापुन्हा सांगतो. लोकांना वाटते, नोंदणी म्हणजे सरकारी कागद. खरे तर त्या पहिल्या दिवशीचा रक्तदाब हा पुढच्या साऱ्या तपासणीचा पाया असतो.

याचे एक उदाहरण सांगतो. गेल्या वर्षी एका अठरा वर्षांच्या सुनेला तिच्या सासूने स्वतः तिसऱ्या महिन्यात आरोग्य केंद्रात नेले होते. कार्डावर पहिला आकडा ९६/६० असा लिहिलेला. सातव्या महिन्यात सिस्टरने दाब घेतला तर १२८/८४. सिस्टरने मागचे पान उलटून पाहिले आणि तिला तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. त्या वेळी १४४/९४ भरला आणि लघवीत प्रथिने सापडली. मुलगी हसतखेळत होती, तिला कुठलाही त्रास नव्हता. तिला वेळेत वरच्या रुग्णालयात पाठवले, गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला तपासणी झाली आणि सदतीस आठवडे भरल्यावर कळा आणून बाळंतपण केले. बाळ वजनाने थोडे कमी, पण ठणठणीत. दोन मुलींमध्ये फरक होता तो मागच्या पानावर लिहिलेल्या एका आकड्याचा. आकडा वेळेवर पाहिला तर आकडीची वेळ सहसा येत नाही.

सूज, डोकेदुखी आणि 'पित्त'

या आजाराची मोठी अडचण ही की सुरुवातीला तो दुखत नाही. मुलगी पाणी आणते, भाकरी थापते, शेतात जाते. म्हणून त्रास नाही म्हणजे आजार नाही, असे समजू नका.

पायावर थोडी सूज तर गरोदरपणात पुष्कळ जणींना येते. संध्याकाळी येते आणि रात्री झोपल्यावर उतरते. तिची भीती नको. पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, हाताची बोटे फुगलेली, बांगड्या आणि जोडवी घट्ट झालेली, एका आठवड्यात वजन एकदम वाढलेले, असे दिसले तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. उलट काही मुलींना मुळीच सूज येत नाही आणि तरीही दाब चढलेला असतो, हेही विसरू नका.

पुढची लक्षणे मात्र धोक्याची आहेत. गोळी घेऊनही न थांबणारे डोके दुखणे. डोळ्यांसमोर काजवे चमकणे, अंधुक दिसणे, एकाची दोन दिसणे. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे आणि उलट्या. लघवी कमी होणे. दम लागणे. बाळाची हालचाल मंदावणे. यांतल्या पोटदुखीला आपल्याकडे "पित्त झालंय" म्हणतात आणि सोडा किंवा पित्ताची गोळी देऊन झोपवतात. सातव्या महिन्यानंतरचे असे पित्त रक्तदाब मोजल्याशिवाय पित्त समजू नये. ते यकृताचे दुखणे असू शकते आणि आकडी येण्याआधीची ती शेवटची सूचना असू शकते.

आकडी आलीच तर

घरात गरोदर मुलीला आकडी आली तर घाबरून गर्दी करू नका. तिला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातली लाळ व उलटी बाहेर येईल आणि श्वास कोंडणार नाही. बाजेवर असेल तर पडणार नाही अशी काळजी घ्या. दातांत चमचा, लाकूड किंवा बोट घालू नका. पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे आणि मोफत आहे. गाडी येईपर्यंत जवळचे आरोग्य केंद्र गाठता येत असेल तर गाठा, कारण पहिले इंजेक्शन तिथेच मिळू शकते.

हे इंजेक्शन म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पूर्वी जुलाबासाठी जे एप्सम सॉल्ट घेत, तेच हे क्षार, फक्त इंजेक्शनसाठी शुद्ध केलेले. स्वस्त, जुने आणि साधे औषध. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने सिद्ध केले की आकडी पुन्हा येऊ नये यासाठी हे औषध त्या वेळच्या इतर औषधांपेक्षा सरस आहे. पुढे २००२ मध्ये 'मॅगपाय' नावाच्या अभ्यासात ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक गर्भवतींवर ते वापरून पाहिले गेले. ज्यांना ते दिले त्यांच्यात आकडी येण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी झाले. पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम असा देऊन रुग्णाला पुढे पाठवता येते. तेव्हा "इथे काही होत नाही, सरळ नांदेडला न्या" असे कुणी म्हटले तर नातेवाइकांनी नम्रपणे विचारावे, "साहेब, आकडीचे पहिले इंजेक्शन देऊन पाठवता का?"

हे इंजेक्शन आकडी थांबवते, आजार बरा करत नाही. रक्तदाब उतरवण्यासाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशी गरोदरपणात चालणारी औषधे वेगळी द्यावी लागतात. घरातल्या सासऱ्याची किंवा आजीची रक्तदाबाची गोळी सुनेला देण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तसे कधीही करू नका. म्हाताऱ्या माणसांना चालणारी काही औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. या आजाराचा खरा शेवट बाळ आणि वार बाहेर आल्यावरच होऊ लागतो. म्हणून आईचा जीव धोक्यात असेल तर डॉक्टर दिवस भरण्याआधीच बाळंतपण करण्याचा सल्ला देतात. अशा वेळी "अजून महिना बाकी आहे" म्हणून अडून बसू नये.

वय लपवण्याची किंमत

आता त्या आईच्या उत्तराकडे येऊ. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अशी मुलगी गर्भवती असल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. हे मी वाचकांपासून लपवत नाही. लोकांना या गोष्टीची भीती वाटते, हेही मला रोज दिसते.

पण या भीतीपोटी काय होते ते पाहा. तिसऱ्या महिन्यात नोंदणी नाही, म्हणून पहिला आकडा नाही. पाचव्या, सातव्या महिन्यात तपासणी नाही. डोके दुखले तर मेडिकलमधून गोळी. सूज आली तर "दिवस गेलेल्या बाईला येतेच". आणि शेवटी आकडी आली की रुग्णालयात जावेच लागते, तिथे वय निघतेच आणि पोलिसांना कळतेच. जे टाळायचे ते टळत नाही. फक्त मुलीचे आठ महिने वाया जातात. एक गोष्ट मात्र नक्की समजून घ्या. अशा मुलीवर तातडीने व मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. वयामुळे तिला दारातून परत पाठवण्याचा अधिकार कुणालाही नाही. लग्न करून चूक झालीच असेल, तर त्या चुकीची शिक्षा मुलीच्या मेंदूला आणि मूत्रपिंडांना देऊ नका.

फड, माहेर आणि सासर

आपल्या सेनगाव, औंढा भागातील कोरडवाहू गावांत लवकर लग्न होण्यामागे केवळ अडाणीपणा आहे असे मी म्हणणार नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. आईबाप सहा महिने फडात, वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न खरा असतो. शिवाय उचल जोडप्यावर मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून मुलाचेही लग्न लवकर उरकले जाते. मग सतरा वर्षांची गरोदर मुलगी पहाटे चार वाजता मोळ्या बांधते, कोपीत राहते आणि पाडव्याला परतते तेव्हा तिला आठवा महिना लागलेला असतो.

दुसरा तुटलेला धागा आपल्या चांगल्या रीतीतूनच येतो. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी माहेरी जाते. नेमक्या याच महिन्यांत रक्तदाब चढण्याची शक्यता जास्त. तिचे कार्ड मात्र सासरच्या पेटीत राहते. माहेरच्या सिस्टरपुढे ती कोरी पाटी घेऊन उभी राहते. म्हणून सासूबाईंना आणि विहीणबाईंना माझी विनंती आहे. ओटीतल्या नारळाबरोबर मुलीच्या हाती माता-बाल संरक्षण कार्डही द्या. फडावर जाणाऱ्यांनीही ते कार्ड बरोबर न्यावे. ते कुठल्याही जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात चालते. मुकादमानेही टोळीत गरोदर बाई आहे का याची नोंद ठेवून तिला महिन्यातून एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवले तर मोठे पुण्य लागेल.

चौदाव्या वर्षीची एक आई

कल्याणची यमुना नऊ वर्षांची असताना तिचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी ती आई झाली. बाळ दहाच दिवस जगले. हीच मुलगी पुढे अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाली. डॉ. आनंदीबाई जोशी त्या याच. तिथे त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. दुर्दैवाने १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या.

त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला तेव्हा मर्यादा बारा वर्षांची होती आणि तिच्यावरही केवढे वादळ उठले होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. १९७८ मध्ये ते अठरा झाले. बारापासून अठरापर्यंत यायला कायद्याला सत्त्याऐंशी वर्षे लागली. गावाने आणखी किती घ्यायची?

घरच्यांनी काय करावे?

लग्न अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नकोच. लग्न झाले तरी पहिले मूल वीस वर्षांनंतर व्हावे, यासाठी पाळणा लांबवण्याची साधने आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गावात बालविवाह ठरत असल्याचे कळले तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या नेहमीच्या ग्रामसेवकाला सांगा किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा.

दिवस गेलेच असतील तर तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवा. कमीत कमी चार तपासण्या कराव्यात, पण कोवळ्या पहिलटकरणीसाठी त्या पुरेशा नाहीत. सातव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि नवव्या महिन्यात दर आठवड्याला रक्तदाब पाहा. प्रत्येक वेळी लघवीची तपासणीही मागून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गर्भवतींची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. कॅलेंडरवर ९ तारखेला खूण करून ठेवा.

रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे. लघवीला जाऊन आलेली असावी. दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजताना बोलू नये. मोजून झाल्यावर "नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. "आकडा किती?" असे विचारा आणि तो कार्डावर लिहून घ्या.

चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. ज्यांच्या आहारात दूधदुभते कमी आहे त्यांच्यात या गोळीने रक्तदाबाचा धोका कमी होतो. कॅल्शियम व लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. दुधाबरोबर नाचणी, तीळ आणि हिरव्या पालेभाज्या मुलीच्या ताटात रोज असाव्यात.

वाचकांच्या शंका

प्रश्न : रक्तदाब वाढू नये म्हणून गरोदर बाईचे मीठ बंद करावे का?
उत्तर : नको. मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही. अळणी जेवणामुळे मुलीचे जेवणच कमी होते आणि नुकसान होते. लोणचे-पापडाचा अतिरेक टाळावा, बाकी जेवण नेहमीसारखे ठेवावे.

प्रश्न : बाळंतपण झाले म्हणजे धोका संपला ना?
उत्तर : नाही. काही आकड्या बाळंतपणानंतर येतात, बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, पण कधी त्यानंतरही. रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतो. म्हणून घरी गेल्यावर आशाताई भेटीला येतात तेव्हा बाळंतिणीचे डोके दुखते का, अंधुक दिसते का, हे सांगा आणि दाब मोजून घ्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या चालू असताना बाळाला अंगावर पाजता येते.

प्रश्न : माझ्या मुलीला पहिल्या खेपेला आकडी आली होती. दुसऱ्या वेळीही येईल का?
उत्तर : येईलच असे नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दोन बाळंतपणांत चांगले अंतर ठेवा. दिवस राहताच डॉक्टरांना आधीचा इतिहास सांगा. अशा बायकांना तिसरा महिना संपल्यावर ॲस्पिरिनची लहान गोळी रोज सुरू करता येते, त्यामुळे धोका कमी होतो. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. शिवाय अशा मुलींना पुढे मध्यम वयात रक्तदाब आणि हृदयविकार होण्याची शक्यता अधिक असते. वर्षातून एकदा रक्तदाब पाहण्याची सवय तिला आतापासूनच लावा.

शेवटी एकच सांगतो. ज्या मुलीची हकिकत मी सुरुवातीला सांगितली, ती आता बरी आहे. आईने तिचे नाव पुन्हा शाळेत घातले आहे, दहावीला बाहेरून बसवणार म्हणते. परवा दवाखान्यात आली तेव्हा तिच्याबरोबर वस्तीवरची दुसरी एक पोर होती, चौथा महिना लागलेली. हिनेच तिला हाताला धरून आणले होते. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "सायेब, हिचं आधी बीपी बघा. आन् आकडा लिहून द्या."